काळेवाडीतल्या दोन म्हशी

११ डिसेंबर, बुधवार

आणि वर मलाच म्हणते, तुला काय कळतं सशातलं! मला नाही कळत तर या चाळीत कुणाला कळतं? जन्मल्यापासून गोठ्यात झोपलेला माणूस मी. आठवीत नापास झालो ते पण वैरण काढायच्या दिवसांतच. खालच्या जयमाला मावशीला दिवाळीपासून सांगायलोय, सशाला चपाती घालू नका, बिस्कीट घालू नका, तो काय सोयरा आलाय का? तर एकच उत्तर, "ओंकार घालायचा."

ओंकार म्हणजे तिचा मुलगा. ससा त्यानंच आणला. नाव पण त्यानंच ठेवलं, सुपरवायझर. कारण दिवसभर काही करत नाही, नुसता बघत बसतो. मग हा गेला गुजरातला, साणंदच्या कंपनीत, आणि सुपरवायझर राहिला काळेवाडीत आईच्या गळ्यात. मावशी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. दिवसाला तीनशे पोळ्या. त्यातली एक सशाची.

आज लई बोललो. आवाज चढला माझा. मावशी कोकणातली, ती काय कमी नाही. पण शेवटी म्हणाली, "बरं रे बाबा, उद्यापासून नाही घालत. मग तू आण काय आणायचं ते. शेतकऱ्याचा मुलगा ना तू?"

आणतो. दाखवतोच.

ही डायरी पण ओंकारचीच, कोरी पडली होती. मावशी म्हणाली, लिहीत जा काहीतरी, सारखा जिना चढउतर करतोस. तिला वाटतं माझा पाय एका जागी टिकत नाही. वर्षात तीन कंपन्या झाल्या, म्हणून वाटत असेल.

१२ डिसेंबर, गुरुवार, सुट्टी

पिंपरीत प्राण्यांच्या दुकानात जाऊन आलो. काचेच्या कपाटात गवत! बाहेरच्या देशाचं, टिमोथी नावाचं, अर्धा किलो चारशे ऐंशी. पोरगा म्हणला, "भाऊ, हे इम्पोर्टेड आहे." मी म्हणलं, आमच्या जिंतूरला एवढ्यात बैलाचं आठवड्याचं भागतं. हसत बाहेर आलो. गावाकडं वडलांना, आबांना फोन करून सांगितलं तर ते पण हसले. शहरात माती पण पाकिटात मिळती म्हणले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. गेटच्या बाहेर, महाळुंग्याच्या रस्त्याला एक आजी लसूण घासाच्या पेंढ्या घेऊन बसते. सरुबाई. इथलीच, जुन्या गावातली. कंपन्यांच्या भिंतीमागं अजून दीड एकर राहिलंय म्हणे, त्यातला घास. हिरवागार, कोवळा, बघूनच जीव सुखावला. बस सुटायला दहा मिनिटं होती, गेलो.

"किती पेंढ्या देऊ?"

"एक."

"येकच? आरं शेळीला सुदीक दोन लागत्यात. हाय काय घरी?"

मागं आमच्या लाइनवरचा भीमराज उभा. त्याच्या मागं बसची सगळी रांग. ससा म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "म्हशी. दोन."

"मंग येका पेंढीत काय व्हतंय त्यांचं?"

"बाकीचं असतं घरी. हे आपलं तोंडी लावायला."

आजी पदर तोंडाला लावून हसली. बसमध्ये भीमराजनं चिंचवडपर्यंत पिच्छा सोडला नाही. "काय राव, म्हशी कुठं बांधल्यात, टेरेसवर? लिफ्टनं नेतो का जिन्यानं?" मी म्हणलं, गावच्या म्हशी म्हणायच्या होत्या. तो म्हणला, मग गावाला रोज घास कुरिअर करतो का भावा?

एका सशापायी. पण सशासाठी घास घ्यायलोय असं सांगितलं असतं तर याहून हसले असते.

२१ डिसेंबर, शनिवार

सुपरवायझर घासावर तुटून पडतो. पेंढी दिसली की मागच्या पायावर उभा. मावशी म्हणाली, "तुझ्या पायाचा आवाज ओळखायला लागला हो." मला बरं वाटलं. चपातीचा तुकडा पण दिसला नाही टोपल्यात, म्हणजे ऐकलं बाईनं.

एक मात्र समजत नाही. मी म्हणलं, मावशी, आठवड्याचा घास एकदम आणतो, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तर नाही म्हणते. "रोजचा रोज आण. ताजा बरा." आता दोन दिवसांत घासाला काय होतंय? पण नाही. रोज आणायचा, रोज तिच्या दारात चप्पल काढायची, रोज "बस रे, घोटभर चहा घे". कधी भाकरी. माझा अर्धा तास जातो. शहाण्या माणसाला वैरणीचा हिशेब कळतो, बायकांना नाही.

२ जानेवारी, गुरुवार

काल सरुबाईनं विचारलं, "दूध किती देती?" मी म्हणलं, सहा. "दोन्ही मिळून?" मी म्हणलं, एकेक. मग फॅट विचारलं. सात सांगितलं. ती खूश झाली. म्हणाली, "घासाला मक्याचा भरडा जोडून दे मूठभर, आनिक चढंल." आणि माझ्यासाठी बाजूला काढलेली पेंढी दिली, कापडाखाली झाकलेली.

भरडा आणला. आता आणलाच आहे तर दिला सुपरवायझरला रोज चिमूट चिमूट. अंग धरलंय गड्यानं. मावशीच्या फोनवरून ओंकारला व्हिडिओ पाठवला. त्याचा अंगठा आला उलटून.

"काय लिहिलंय त्यानं?" मावशीनं चष्मा शोधत विचारलं.

"काही नाही, अंगठा आहे."

तरी चष्मा लावून बघत राहिली. अंगठ्यात काय बघायचं असतं काय माहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

मावशीनं फरशीवर पांढरा डाग दाखवला. "हा बघ रे, चुन्यासारखं काय ते. इथंच बसतो आणि कुंथतो." मी म्हणलं, पानाचा चुना सांडला असेल. म्हणाली, मी कुठं पान खाते? मी म्हणलं, थंडीचं होतं असं जनावराला.

आबांच्या हातून एकदा बैलाचं लघवीचं दुखणं बरं झालं होतं, तेव्हा असाच कुंथायचा बैल. आठवलं मला. पण ससा आणि बैल काय एक आहे का? घास तर चांगलाच आहे. त्यात वाईट काय असणार?

२० जानेवारी, सोमवार

कसं लिहू.

कामावरून आलो तर सुपरवायझर कोपऱ्यात आखडून बसलेला. दात खायलेला. घासाकडं बघेना. मावशीनं पिशवीत टॉवेल घालून त्याला उचललं, मी रिक्षा आणली. संत तुकाराम नगरात जनावरांच्या डॉक्टरीण आहेत, तिथं नेलं. फोटो काढला पोटाचा. मूत्राशयात चुन्याचा गाळ भरलाय म्हणल्या, धुऊन काढावा लागेल.

मग विचारलं, "हे एका दिवसाचं नाही. काय देत होता खायला?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं, जसं शाळेत शेजारचा पोरगा बघतो, उत्तर तुला येतंय तर तू सांग म्हणून.

आणि मी म्हणलं, "मावशी चपाती घालतात. बिस्कीट पण. मी सांगतच होतो."

हे असंच म्हणलं मी. शब्द बदलून लिहीत नाही.

डॉक्टरीण मावशीकडं वळल्या. लई बोलल्या. जनावर म्हणजे हौस नाही, कळत नसेल तर पाळायचं कशाला, याच्या जिवाला किती त्रास झाला असेल. मावशी पर्सचा बंद धरून उभी. लोक होते बसलेले, एक जण कुत्रा घेऊन, एक बाई मांजर घेऊन. मावशी एवढंच म्हणाली, "चुकलं हो."

मग डॉक्टरीण कागदावर लिहीत म्हणल्या, "असा गाळ जास्त करून लसूण घासानं होतो. वासराला चांगला, मोठ्या सशाला नाही. चुना फार असतो त्यात. देत असाल तर आजपासून बंद. भरडा बंद, चपाती बंद. बारीक पात्याचं वाळलं गवत, ते चोवीस तास समोर पाहिजे. पाकिटातलंच पाहिजे असं नाही, पण बुरशी नको, फवारलेलं नको. आणि पाणी भरपूर."

मावशी म्हणाली, "बंद."

गाळ धुऊन काढला. बिल दोन हजार सहाशे झालं. मावशीनं दिलं. मी खिशात हात घातला होता, पण खिशात एकशे चाळीस होते.

रिक्षात ससा तिच्या मांडीवर, मी पुढं ड्रायव्हरच्या बाजूला. उतरताना म्हणाली, "जेवून जा." मी म्हणलं, भूक नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

कालचं वाचलं. पान फाडावं वाटलं. नाही फाडलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस मागच्या गल्लीनं येतोय. मावशीचं दार जिन्याच्या तोंडाशीच, उघडं असतं. मागून आलं की शिडीनं गच्चीवर जाऊन खोलीत उतरता येतं. भीमराजला कळलं तर म्हणेल म्हशींसारखा चढतो.

पण गवताचं माझ्यावर आहे. मावळातून येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून भाताचा पेंढा घेतला, पोतंभर. तिच्या दारात ठेवून पळालो. सरुबाईसमोर मात्र गेलो नाही. तिनं लांबून हात केला, मी फोन कानाला लावला. फोन बंद होता.

२६ जानेवारी, रविवार

पेंढा तसाच्या तसा. नुसता अंथरून त्यावर बसलाय साहेब. खिडकीतून बघितलं. बरोबर आहे, पेंढ्यात काय सत्त्व आहे?

आज कडबा ठेवला, कोयत्यानं बारीक करून. ज्वारीचा, आमच्याकडचा माणूस आळंदी फाट्याला विकतो.

२७ जानेवारी, सोमवार

कडब्याची पानं पानं खाल्ली, ताटं टाकली. ताट जाड पडतं त्याच्या तोंडाला. दहा रुपयांच्या कडब्यात एक रुपयाचं पान. त्यात पोटभर कसं होणार?

खोटं बोलायला मला एक सेकंद लागला आणि गवत शोधायला आठवडा झाला.

दुसरी कंपनी बघावी का म्हणतो. रांजणगावला भरती आहे. तिकडंच रूम. इथून सुटलो की सुटलो.

३० जानेवारी, गुरुवार, सुट्टी

आज पकडला गेलो. शिडी काढून नेली होती रंगवाल्यांनी, मग पुढून यावं लागलं. मावशी दारातच बसलेली, मांडीवर ते पाकीट. काचेच्या कपाटातलं. चारशे ऐंशीचं.

एकेक काडी वेगळी करून मुठीत मोजत होती. "सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक मूठ," म्हणाली. "एवढ्यात पंधरवडा निघायला हवा."

मी म्हणलं, "मावशी, चोवीस तास समोर पाहिजे म्हणल्या होत्या ना."

"हो रे. पण याच्यात कसं पुरवू?"

सुपरवायझर टोपलं चाटत होता. रिकामं टोपलं. वाकून हात लावला तर बरगड्या लागल्या.

मी दाराबाहेरच उभा होतो. ती म्हणाली, "आत ये की. कुठं होतास? ओव्हरटाइम?"

मी म्हणलं, "हाव, ओव्हरटाइम."

आणखी एक खोटं. ते पण तिनं घेतलं. रांजणगावचा फॉर्म फाडून टाकला. मी जाईन, पण हा कुठं जाईल?

३१ जानेवारी, शुक्रवार

सुटल्या सुटल्या सरुबाईकडं गेलो. भीमराज मागं होताच. असू दे म्हणलं.

"आलास का? धा-बारा दिस कुटं व्हतास? पेंढी झाकून ठिवती रोज आन पार वाळून जाती." मग म्हणाली, "म्हशी बऱ्या हायती न्हवं?"

"आजी, म्हशी नाहीत."

तिचा हात छातीवर गेला. "दोन्ही गेल्या?"

"गेल्या नाहीत. नव्हत्याच."

"नव्हत्याच म्हंजी? दूध देत व्हत्या की!"

"ते पण नव्हतं. ससा आहे एक. आणि तो पण माझा नाही."

भीमराज फिस्सकन हसला. सरुबाई हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, हसली असती तर बरं झालं असतं. कोयता खाली ठेवला तिनं.

"आन मी ह्यांना सांगितलं," ती म्हणाली. ह्यांना म्हणजे तात्याबा, तिचा म्हातारा. "म्हनलं, बगा, परमुलखातलं पोरगं, शिफ्ट करून दोन म्हशी संभाळतंय. आपल्या दोघा पोरांनी गाड्या घेतल्या आन दावं सोडलं. म्हातारा रोज इचारतो, आला व्हता का रं तो म्हशीवाला? तुज्यासाटी कवळी पेंढी त्येच बांदून देत्यात."

मला जमीन दिसत होती फक्त. बसचा हॉर्न वाजला तर भीमराजनं ओरडून ड्रायव्हरला सांगितलं, "थांब रे दोन मिनिटं."

मग सगळं सांगितलं तिला. घास, भरडा, गाळ. दवाखान्यात काय म्हणलो ते नाही सांगितलं.

"आरं येड्या," ती म्हणाली, "सशाला लसूण घास? आमच्या नातीनं पाळलं व्हतं ससं. पयल्याच दिशी ससा म्हनला असतास तर पयल्याच दिशी सांगितलं असतं. हरळी लागती त्याला. बांदावरची, वाळलेली."

उद्या आणते म्हणाली.

१ फेब्रुवारी, शनिवार

तात्याबा स्वतः आला होता भारा घेऊन. पांढरी टोपी, सावकाश चालणारा माणूस. भारा खाली ठेवला, त्यातली मूठ काढून माझ्या हातात दिली.

"चुरगाळ."

चुरगाळली.

"धूळ उडाली का? न्हाई. उडाली तर टाकून द्यायची. आता वास घे. कुबट आला तर ती बी टाकून द्यायची. आन रंग बघ, अजून हिरवा हाय. सावलीत वाळीवली. उनात वाळीवली की पांढरी पडती, मंग तिच्यात काय ऱ्हात न्हाई."

"फवारा?"

"ईहिरीकडच्या बांदाला कोन फवारतंय?"

पैसे विचारले. पन्नास म्हणला, आख्ख्या भाऱ्याचे. महिनाभर पुरेल एवढं. मी शंभर दिले तर पन्नास परत केले, आणि जाताना एकच बोलला, "जनावराचं खोटं सांगू नाई रं पोरा. मानसाचं चालतंय येकवेळ."

वाईट हे, की मी माणसाचं पण सांगितलंय.

हरळी मावशीच्या दारात ठेवली आणि चढलो वर. खालून आवाज येत होता, करकर करकर. खायलाय. दोन आठवड्यांत पहिल्यांदा सलग खायलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

डाग बंद झालेत म्हणाली मावशी, जिन्यात गाठून. लघवी साफ आहे. लेंड्या गोल आणि कोरड्या झाल्या, अगदी आनंदानं दाखवत होती डबीत घालून. मी लवकर निघालो. पगार परवा. पगार होईपर्यंत तिच्याशी नीट बोलता येत नाही मला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आबांची एक रीत आहे. आपल्या हातून दुसऱ्याच्या जनावराला काही झालं तर त्यानं मागायच्या आधी त्याच्या दारात जायचं. आत बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. काय केलं ते तोंडानं सांगायचं, भरपाई त्याच्या हातात द्यायची. त्यानं घेतली की मगच पाणी. लहानपणी आबांच्या मागं असा मी तासभर उन्हात उभा राहिलोय, आमच्या विळ्यानं शेजाऱ्याच्या वासराचा पाय कापला तेव्हा.

काल पगार झाला. आज कामावरून आलो, मावशीच्या दारात उभा राहिलो.

"ये की आत."

"नाही. आधी ऐका. घास मी आणला. भरडा मी घातला. त्यानं झालं ते. दवाखान्यात तुमचं नाव घेतलं ते खोटं घेतलं."

मावशी पीठ मळत होती. हात तसाच परातीत.

"मला माहीत आहे की रे," ती म्हणाली. "चपाती तर तू भांडलास त्याच दिवसापासून बंद केली होती मी."

म्हणजे तिला तिथंच माहीत होतं. सगळ्या लोकांत चुकलं हो म्हणाली तेव्हा पण.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय करायचं होतं? ती डॉक्टरीण काय रोज माझ्या दारात येणार आहे?"

हे काय उत्तर झालं, मला समजलं नाही. लोक ऐकत होते, तिची चूक नव्हती, आणि ही डॉक्टरीण येण्याजाण्याचं बोलते. राग पण नाही आला बाईला. शिव्या दिल्या असत्या तर माझं ओझं उतरलं असतं.

पैसे पुढं केले, दोन हजार सहाशे. नको म्हणाली. ठेव, घरी पाठव म्हणाली. मी उभाच राहिलो. तिनं पाणी आणलं, मी घेतलं नाही. आबांची रीत सांगितली. मग पोळ्या लाटल्या तिनं, सगळ्या. मधे मधे बघायची, मी आहे का ते. मी होतो. शेवटी हात पुसले, पैसे घेतले, न मोजता डब्याखाली सारले आणि म्हणाली, "पाय दुखले असतील, मेल्या. घे पाणी."

दोन तांबे प्यायलो.

९ फेब्रुवारी, रविवार

आबांना फोन केला. महिन्याला सात हजार जातात, त्यातून मिरगाच्या आधी घराच्या पत्र्याचं काम करायचं ठरलंय. या खेपेला कमी येतील म्हणलं.

"काऊन रे? सोडली का कंपनी पुन्हा?"

"नाही. दुसऱ्याच्या जनावराला चुकीचं घातलं मी. भरून दिलं."

मग म्हणले, "वाचलं का?"

"वाचलं."

"काय जनावर व्हतं?"

तोंडात पुन्हा म्हैस आली. खरंच आली, इतकी सवय झाली आहे. गिळली.

"ससा."

मला वाटलं हसतील, डिसेंबरात हसले होते तसे. नाही हसले. "दारात उभा ऱ्हायलास का?"

"हाव."

"किती वेळ?"

"सगळ्या पोळ्या होईपर्यंत."

मागं आईचा आवाज आला, काय म्हणतोय, कमी का. आबांनी तिला सांगितलं, असू दे, पोराचं काम निघालं होतं. मग मला म्हणले, "जे हाय ते पाठीव. आन लिहून पाठीव कशाचं ते, तुझ्या आईला वाचून दावतो."

ते इतकं लिहिता येणार नाही मोबाईलवर. एवढंच लिहिलं: सशाच्या दवाखान्याचे दोन हजार सहाशे दिले, चूक माझी होती, आबा, पाठवतोय चार हजार चारशे.